सहाव्या मजल्याची नोंद

साईनाथच्या ऑफिसात लिफ्टची तक्रार कॉम्प्युटरवर चढवण्याला तिकीट काढणं म्हणत. कंपनी पुण्यातल्या चारेकशे सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळायची. बिबवेवाडीत टाइल्सच्या एका दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या मोठ्या खोलीत हेल्प डेस्क होतं. कुणाच्या लिफ्टचं दार लागत नाही, कुणाची दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, कुणाच्या लिफ्टमध्ये पंखा फिरत नाही म्हणून सेक्रेटरी बिथरलेले. फोन आला की तिकीट उघडायचं, लिहायचं, साधं की तातडीचं ते ठरवायचं आणि सेव्ह करायचं. मेकॅनिक आपल्या मोबाइलवर ते बघून निघायचा.

एकाच तिकिटात दोघांनी एकाच वेळी हात घातला की पडद्यावर पिवळी पट्टी यायची. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे. अर्थ असा, की तुम्ही हे तिकीट उघडल्यानंतर दुसऱ्या कुणीतरी ते बदललं आहे. खाली तीन बटणं होती. फरक बघा. त्यांचं ठेवा. माझं ठेवा. सॉफ्टवेअर स्वस्तातलं होतं. "माझं ठेवा" दाबलं की समोरच्याने लिहिलेलं सगळं जायचं आणि कुठेच उरायचं नाही. कुणी आणि किती वाजता सेव्ह केलं, एवढीच एक ओळ तळाशी राहायची.

पूर्वी ही पट्टी क्वचित यायची. पाच जण एका खोलीत समोरासमोर बसत. तिकीट उघडणारा सोसायटीचं नाव मोठ्याने घेऊन म्हणे, "धरलं." काम झालं की, "सोडलं." मधल्या वेळात दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही. ही रीत साईनाथनेच पाडली होती. तो सतरा वर्षं इथे होता. सुरुवातीला तक्रारींचं रजिस्टर एकच होतं आणि ते ज्याच्या हातात असेल तोच लिहायचा. रजिस्टर गेलं तरी सवय राहिली. मुंबईहून आलेल्या एका साहेबाने एकदा विचारलंही होतं, की हे हेल्प डेस्क आहे की कबड्डीचा संघ.

पुढे सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आले. मग आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची सोय झाली. समोर कधी तिघं असत, कधी दोघं. तरी साईनाथ आपला "धरलं" म्हणतच राहिला. कुणी ऐकलं की नाही हे तो बघायचा नाही. आता पाचही जणांना मिळून पट्टी दिवसातून पाच-सहा वेळा यायची आणि बहुतेक वेळा समोरच्याने फोन नंबरात एक शून्य घातलेलं असायचं, बस्स.

नव्या माणसाला शिकवताना पूर्वी साईनाथच सांगायचा, की पट्टी आली की आधी फरक बघायचा. मागच्या एप्रिलमध्ये त्याची बायको कांता गेली. तीन आठवडे दवाखान्यात होती. त्यानंतर त्याला कुठलीही गोष्ट दोनदा वाचायचा कंटाळा येऊ लागला. घरचं लाइटबिल, सोसायटीची नोटीस, मुलीचे मेसेज, सगळं तो एकदाच वाचायचा आणि तेही अर्धं. गवळ्याला अजून अर्धाच लिटर टाक म्हणून सांगणं झालं नव्हतं, म्हणून रोज एक लिटर दूध यायचं. त्याचं तो दही लावायचा आणि डबा भरून ऑफिसात न्यायचा. लोक दही खायचे आणि म्हणायचे, काका, आता कढी पण आणा. पिवळी पट्टी आली की साईनाथ न बघता "माझं ठेवा" दाबायचा. लवकर जायची ती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी वारज्याच्या एका सोसायटीचं तिकीट सकाळीच निघालं होतं. लिफ्ट बंद. दुपारी चारला तिथला वॉचमन पुन्हा फोनवर आला, पॅनलमधून जळका वास येतोय म्हणाला. साईनाथने तिकीट उघडलं, "वारजे, धरलं," म्हणाला आणि वॉचमनला पॅनलवरचा नंबर वाचून दाखवायला सांगितलं. वॉचमन चष्मा आणायला गेला. दहा मिनिटं झाली तरी आला नाही. साईनाथ हेडफोन कानाला लावून बसून राहिला.

तेवढ्या वेळात त्याच इमारतीतून, सहाव्या मजल्यावरून यज्ञेश्वर परचुरे नावाच्या गृहस्थांनी फोन केला. तो कल्याणीने घेतला. कल्याणी त्या दिवशी खडकीला, घरून काम करत होती. तिचे वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि ती त्यांच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसायची. कंपनीत येऊन तिला सहा महिने होत आले होते, त्या शुक्रवारी तिची प्रोबेशन संपणार होती. साईनाथचं "धरलं" बिबवेवाडीतून खडकीला ऐकू जाणार नव्हतं. तिने तेच तिकीट उघडून त्यात लिहिलं, की सहाव्या मजल्यावरच्या बाईंचं दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी डायलिसिस असतं, सकाळी साडेसहाला खाली उतरावं लागतं, जिना जमत नाही, लिफ्ट आज संध्याकाळपर्यंत चालू झालीच पाहिजे. साधं होतं ते तातडीचं केलं. परचुऱ्यांना सगळं वाचून दाखवलं आणि सेव्ह केलं. चार वाजून बारा मिनिटं.

वॉचमन चष्मा घेऊन परत आला. साईनाथने नंबर लिहिला, जळका वास लिहिला, सेव्ह केलं. पिवळी पट्टी आली. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "सोडलं." चार वाजून पंधरा मिनिटं.

राकेश नावाच्या मेकॅनिकला मोबाइलवर दिसलं, की वारजे, जळका वास, साधं तिकीट. पॅनलमधलं सर्किटचं कार्ड जळलं असणार, उद्या दुपारी बघू, असं म्हणून तो कोथरूडच्या कामाला गेला.

मंगळवारी सकाळी परचुरेबाईंना वॉचमन आणि वर्तमानपत्र टाकणारा अशा दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यावर खुर्चीचा पाय वाकला. बाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या त्या तिथेच बसून राहिल्या, खुर्चीत पुन्हा बसायला तयार होईनात. खाली पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले. त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. दुसऱ्या दिवसाची वेळ मिळाली, पण संध्याकाळीच त्यांना दम लागला आणि आयसीयूत न्यावं लागलं.

हे सगळं ऑफिसला बुधवारी सकाळी कळलं. परचुऱ्यांनी दोन पानी मेल पाठवला होता, एकही चूक नसलेला. हेल्प डेस्कचा मॅनेजर अर्णव बत्तीस वर्षांचा होता, मनाने वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट जेवणाच्या आधी संपवायची असायची. त्याने कल्याणीला आणि साईनाथला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. कल्याणी म्हणाली, मी लिहिलं होतं. अर्णवने पडदा तिच्याकडे वळवला. तिकिटात जळका वास होता, पॅनलचा नंबर होता. डायलिसिसचं अक्षरही नव्हतं. तिने फोनचं रेकॉर्डिंग ऐका म्हटलं, तर घरून घेतलेले फोन रेकॉर्ड होत नाहीत, असं तो म्हणाला. मग त्याने तळाची ओळ वाचली.

"साईनाथ सर, हिच्यानंतर तीन मिनिटांनी तुम्ही सेव्ह केलंय. तुमच्यासमोर तेच तिकीट होतं. त्यात डायलिसिसचं काही होतं?"

"मला दिसलं नाही," साईनाथ म्हणाला.

हे खरं होतं. त्याला दिसलं नव्हतंच.

कल्याणीने त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मी लिहिलं होतं, असं ती आणखी एकदा म्हणाली, पण आता जरा हळू. अर्णवने तिला समजावलं, की असं होतं, माणूस लिहायला घेतो, दुसरा फोन वाजतो आणि न लिहिताच सेव्ह होतं, तुझा हेतू वाईट नव्हता. पण क्लायंटला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. शुक्रवारी प्रोबेशन संपतेय, ती आपण कन्फर्म करणार नाही. एक्स्पिरियन्स लेटर चांगलं देईन.

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत कल्याणी साईनाथच्या टेबलाशी आली. रोज त्याच्या दह्यात साखर घालून खाणारी ती एकटीच होती. त्या दिवशी तिने डब्याला हात लावला नाही.

"काका, सोमवारी तुम्हाला पट्टी आली होती का हो? वारज्याच्या तिकिटाला?"

"ती तर दिवसभर येतच असते," साईनाथ म्हणाला.

ती "बरं" म्हणून गेली.

दुपारी तीनला एका तिकिटावर पट्टी आली. साईनाथचं बोट माउसवर होतं. त्याने फरक बघा दाबलं. कितीतरी महिन्यांनी. पडद्याचे दोन भाग झाले. डावीकडे त्याचं, उजवीकडे दुसऱ्याचं. त्याचं जे राहणार होतं ते काळ्या अक्षरात, आणि दुसऱ्याचं जे जाणार होतं ते लाल अक्षरात. लाल अक्षरात काही विशेष नव्हतं, पार्किंगमधल्या किल्लीबद्दल काहीतरी होतं. पण साईनाथ तो पडदा बघत बसला. मग त्याने वारज्याचं तिकीट काढून तळाची ओळ वाचली. चार बारा, कल्याणी. चार पंधरा, साईनाथ. चार वाजता आपण तिकीट उघडलं, वॉचमन चष्मा शोधत होता, आपल्या पडद्यावर चार वाजताचं होतं. तिचं चार बाराचं आपल्याला दिसणारच नव्हतं. आणि पट्टी आली होती. आली होती हे त्याला आता आठवत नव्हतं, पण आलीच असणार. त्याशिवाय तिचं लिहिलेलं जाणं शक्यच नव्हतं.

समोरच्या रांगेत कल्याणी फोनवर कुणाला तरी सांगत होती, की मेकॅनिक अर्ध्या तासात पोहोचेल, तुम्ही दाराला हात लावू नका. दोन वेळा सांगत होती. केबिनमध्ये अर्णव एकटाच होता. उठून जायला दहा पावलं. साईनाथ उठला नाही. साडेपाच वाजले, तशी त्याने बॅग उचलली.

घर ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर. आडनाव बिबवे, त्यामुळे नवीन ओळख झाली की लोक विचारत, बिबवेवाडीतले बिबवे आणि नोकरी करता? त्याचं उत्तर ठरलेलं होतं, की ज्यांनी जमीन उशिरा विकली ते बिबवे वेगळे. साईनाथच्या आजोबांनी फार लवकर विकली होती. आता उरला होता दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि त्यातली एक खोली त्याला लागत नव्हती.

त्याने कुकर लावला आणि ओट्याशी उभा राहिला. वय एकोणसाठ. दरवर्षी मार्चअखेर त्याचं कंत्राट पुढे जायचं, तेही अर्णवच्या सहीने. पगाराचं त्याला फारसं नव्हतं, मुलगी मागे लागून पैसे पाठवायची. त्याला भीती होती ती सकाळी साडेनऊची. साडेनऊ ते साडेपाच त्याच्या कानात माणसं बोलत असायची. भांडायची, तावातावाने लिफ्टला शिव्या द्यायची, पण बोलायची. ते गेलं तर या ओट्याशी तो किती वेळ उभा राहणार होता? कल्याणी चोवीस वर्षांची. तिला दुसरीकडे मिळेल. एक्स्पिरियन्स लेटर चांगलं आहे. असं सगळं त्याने स्वतःला सांगून बघितलं. कांता असती तर काही बोलली नसती. तिला अशा गोष्टीवर बोलायची सवयच नव्हती, ती नुसती ताट वाढायची आणि समोर बसायची नाही. त्याने भात वाढून घेतला. अर्धा टाकला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या आत परचुऱ्यांचा फोन आला आणि तो साईनाथलाच लागला.

"नमस्कार. मी परचुरे, वारजे, सहावा मजला. लिफ्ट चालू झाली आहे, हे कळवायला फोन केला. आपल्याकडे याची नोंद होत असेल तर करा. होत नसेल तर राहू द्या, आम्हाला आता सवय झाली आहे."

साईनाथने नोंद करतो म्हटलं. मग विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"काल वॉर्डात आणलं. जेवण अळणी आहे म्हणून तक्रार केली, म्हणजे बरी आहे." मग परचुरे मूळ मुद्द्यावर आले. "आपल्या साहेबांचा मेल आला. संबंधित कर्मचाऱ्याला कमी करत आहोत, असं लिहिलंय. मी कुणाला कमी करा म्हटलं नव्हतं. मी लिफ्ट वर पाठवा म्हटलं होतं. दोन्हींत फरक आहे."



परचुरे सांगू लागले, की त्या मुलीने सोमवारी सगळं लिहून घेतलं होतं, वार, वेळ, मजला, आणि परत वाचून दाखवलं होतं. हल्ली कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बायकोनेही ऐकलं होतं. बायकोचं म्हणणं, की त्या मुलीने लिहिलं नसेल हे शक्य नाही. फोनवरून तिला हे कसं कळतं ते तिचं तिलाच माहीत, पण एकेचाळीस वर्षांत तिचा अंदाज फारसा चुकलेला नाही.

"तिने लिहिलं होतं," साईनाथ म्हणाला. "मी पुसलं."

"काय म्हणालात?"

"तिची नोंद माझ्या हातून गेली. दोघांनी एकदम उघडलं की कॉम्प्युटर विचारतो, दुसऱ्याचं ठेवायचं की तुमचं. मी न बघता माझं ठेवलं."

"न बघता म्हणजे?"

"वाचायचा कंटाळा केला."

परचुऱ्यांच्या मागे दवाखान्यातली ढकलगाडी गेल्याचा खडखडाट ऐकू आला.

"मग हे मला का सांगता?" परचुरे म्हणाले. "मी काय आपल्याला कामावरून काढणार आहे? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

"सांगतो."

"आपण वयाने मोठे वाटता. घरी कोण असतं?"

"कुणी नाही. बायको होती. एप्रिलमध्ये गेली." बोलून गेल्यावर साईनाथला वाटलं, हे सांगायला नको होतं, सूट मागितल्यासारखं झालं.

"वाईट झालं," परचुरे म्हणाले. "पण त्याने आमची ही अडीच तास जिन्यावर बसली होती, ते काही बदलत नाही."

"नाही बदलत."

"बरं. ठेवतो."

साईनाथने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. वारज्याचं तिकीट उघडलं आणि लिहायला लागला. कितीतरी दिवसांनी त्याने पूर्ण वाक्यं लिहिली. सोमवारी चार वाजून बारा मिनिटांनी कल्याणीने या तिकिटात सहाव्या मजल्यावरच्या पेशंटची नोंद केली होती आणि तिकीट तातडीचं केलं होतं. तेच तिकीट माझ्याकडे चार वाजल्यापासून उघडं होतं. चार पंधराला सेव्ह करताना सूचना आली. मी फरक न बघता माझं ठेवलं, त्यामुळे तिची नोंद गेली आणि तिकीट पुन्हा साधं झालं. ग्राहकाने आज फोनवर सांगितलं, की तिने नोंद वाचून दाखवली होती. चूक माझी आहे. खाली नाव लिहिलं. सेव्ह दाबलं.

पिवळी पट्टी आली.

त्याने फरक बघितला. उजवीकडे लाल अक्षरात अर्णवचं होतं, चार मिनिटांपूर्वीचं. केबिनमध्ये बसून तो तिकीट बंद करत होता. त्याने लिहिलं होतं, की तपासणी केली, नोंद झालेली नव्हती, संबंधित प्रोबेशनरी कर्मचाऱ्याची सेवा आजपासून समाप्त, तिकीट बंद. डावीकडे साईनाथचं. खाली तीच तीन बटणं.

माझं ठेवा दाबलं असतं तर अर्णवचं गेलं असतं. पण मग तो नुसता दुसऱ्यांदा तेच करत होता. आणि अर्णवकडे ते तिकीट अजून उघडं असलं, तर त्याच्याही समोर पट्टी आली असती, आणि तो काही फरक बघणाऱ्यातला नव्हता. साईनाथने आपलं लिहिलेलं सगळं उचलून बाजूच्या एका कोऱ्या फाइलमध्ये ठेवलं. मग त्यांचं ठेवा दाबलं. हे बटण त्याने कधी दाबल्याचं त्याला आठवेना. त्याचं लिहिलेलं पडद्यावरून गेलं. तिकीट नव्याने उघडलं. आता त्यात अर्णवचं होतं, शब्द न् शब्द. त्याखाली त्याने आपलं चिकटवलं, वेळ घातली, बंद तिकीट पुन्हा चालू केलं आणि सेव्ह केलं. या वेळी पट्टी आली नाही. मग उठून दहा पावलं चालून केबिनचं दार ढकललं आणि म्हणाला, वारज्याचं पुन्हा उघड आणि खालचं वाच.

अर्णवने वाचलं. वाचताना कानामागे खाजवत होता.

"सर, बुधवारी बोलायचं ना. क्लायंटला मेल गेलाय. वर हेड ऑफिसला गेलाय. आता मी काय लिहू, की आम्ही चुकीच्या माणसावर ढकललं?"

"हेच लिही."

"आणि तुमचं? सतरा वर्षं झाली तुम्हाला. मार्चमध्ये तुमचा कागद माझ्याकडेच येणार आहे."

"मला माहीत आहे."

अर्णव चिडला होता, पण ओरडला नाही. त्याने विचारलं, की असं आणखी किती तिकिटांत झालं असेल. साईनाथ म्हणाला, एप्रिलपासून बघितलेलंच नाही. अर्णवने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग त्याने यादी काढायला घेतली. ज्या तिकिटावर दुसऱ्या कुणी सेव्ह केल्यानंतर पाच मिनिटांच्या आत साईनाथने सेव्ह केलं होतं, ती सगळी. तीनशे बारा निघाली. किती पुसलं गेलं आणि किती नाही हे कॉम्प्युटर सांगू शकत नव्हता. ते ज्यांनी फोन केले होते त्यांनाच विचारावं लागणार होतं.

दुपारपर्यंत ठरलं. परचुऱ्यांना नवीन मेल गेला. कल्याणीची प्रोबेशन लगेच कन्फर्म झाली नाही, हेड ऑफिसने तीन महिने वाढवली, पण ती राहणार होती. साईनाथने सोमवारपासून नवीन फोन घ्यायचे नाहीत. त्याने मार्चअखेरपर्यंत त्या तीनशे बारा ठिकाणी फोन करायचा आणि विचारायचं, की आपण आणखी काही सांगितलं होतं का. त्यानंतर त्याचं कंत्राट पुढे जाणार नव्हतं. अर्णव म्हणाला, हे माझ्या हातात नव्हतं. ते खरंही असेल.

चारला कल्याणी त्याच्या टेबलाशी आली आणि उभीच राहिली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल. तीन वाजता."

"काल तीनला." तिने मान हलवली. "काल संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. त्यांनी बत्तीस वर्षांत एकदाही उशिराचा शेरा घेतला नाही. मला म्हणाले, तू कामात हयगय केलीस. मी म्हटलं, केली असेल. कारण बुधवारी तुम्ही म्हणालात ना, मला दिसलं नाही, तेव्हापासून मलाच वाटायला लागलं की मी ते लिहिलंच नसेल. रात्रभर तेच. आठवून बघतेय, लिहिलं होतं की नुसतंच सेव्ह केलं. त्या बाईंचं काही झालं तर ते माझ्यामुळे."

"माझ्याकडे तुझा नंबर होता," साईनाथ म्हणाला. "फोन करायला हवा होता."

"हो. करायला हवा होता."

तो सॉरी म्हणाला. ती म्हणाली, ठीक आहे, आणि ठीक नाही हे दोघांनाही कळत होतं. जाताना थांबून म्हणाली, की अर्णव सरांनी तिला विचारलं, यादीतली अर्धी तू करशील का, लवकर होईल. तिने नाही सांगितलं.

"ते तुमचं तुम्हीच करा, काका."

"बरोबर आहे," साईनाथ म्हणाला.

सोमवारी तो साडेनऊला बसला. यादी छापून घेतली होती, अकरा पानं. पहिल्या चार घरांत कुणाला काही आठवेना. पाचव्या ठिकाणी एका माणसाने विचारलं, की लिफ्ट कंपनी हल्ली सर्व्हे करते का, आणि मत देण्याइतकी लिफ्ट चालली कधी, असं म्हणून फोन ठेवला. आठव्या ठिकाणी एक बाई म्हणाल्या, सांगितलं होतं ना, सासऱ्यांची व्हीलचेअर आहे, दार जास्त वेळ उघडं राहील असं करून द्या. कुणी आलं नाही. आता नको, सासरे दिवाळीत गेले. साईनाथने त्यांच्या तक्रारीची तारीख विचारून तिकिटात लिहिली आणि माफी मागितली. बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, तुम्ही तरी काय करणार. त्याला हे ऐकणं परचुऱ्यांच्या बोलण्यापेक्षा अवघड गेलं. तो उठला, खिडकीशी जाऊन पाणी प्यायला आणि परत येऊन बसला.

अकरावा फोन बिबवेवाडीतल्याच एका सोसायटीचा होता. तिथल्या आजींनी सांगितलं, की त्यांनी ऑगस्टमध्ये कळवलं होतं, लिफ्टमधली अडचणीची घंटा वाजत नाही. अजूनही वाजत नाही. त्या लिफ्टमध्ये शिरताना मोबाइल हातात धरतात, मुलाचा नंबर काढून ठेवतात. साईनाथने सगळं लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, घंटा तळमजल्यावर पण वाजत नाही, ते राहिलं. त्याने ते घातलं आणि तिकीट तातडीचं केलं.

सेव्ह करण्याआधी तो उठला. खोलीत त्या दिवशी त्याच्याशिवाय तिघं होते; पाचवा घरून काम करत होता, त्याला त्याने आधीच फोन करून विचारलं होतं. दोघांकडे जाऊन त्याने विचारलं, हे तिकीट कुणी उघडून बसलंय का. मग कल्याणीच्या टेबलाशी गेला. ती फोनवर होती. तो तिचा फोन संपेपर्यंत थांबला आणि तिलाही सोसायटीचं नाव सांगून तेच विचारलं.

कल्याणीने पडद्यावर नजर फिरवली.

"नाही," ती म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.

साईनाथ परत जागेवर आला आणि त्याने सेव्ह केलं.